मुलांशी खेळायला काय लागतं?

बारावीची परीक्षा आटोपली की परदेशी प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या कचेऱ्यांतून हल्ली हमखास एक सल्ला मिळतो. दोन आठवडे व्हिएतनामला जा, बालीला जा, नाही जमलं तर नेपाळला जा. तिथल्या मुलांच्या डे कॅम्पमध्ये स्वयंसेवक व्हा. खेळ घ्यायचे, गाणी शिकवायची, कागदाचे पक्षी करून घ्यायचे. राहणं-जेवण शुल्कातच, शनिवार-रविवार भटकंतीला मोकळे, शेवटी प्रमाणपत्र. प्रवेश अर्जासोबतच्या निबंधाला विषय मिळतो आणि आजी-आजोबांना नातवंडाचं कौतुक. महाविद्यालयातली पोरं तर सहा-सहा आठवड्यांसाठी जातात. कुणी शंका काढलीच तर तिला ठरलेलं उत्तर असतं: ‘अहो, मुलांशी खेळायला काय लागतं? मन चांगलं असलं की झालं.’

हा प्रश्न उत्तर मिळावं म्हणून कुणी विचारत नाही, पण त्याला उत्तर आहे. फ्रान्सने तर ते नियमांत लिहून ठेवलं आहे. शाळांना सुट्टी लागली की तिथे गावोगावी मुलांसाठी दिवसभराची केंद्रं चालतात. सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. तिथे खेळ घेणाऱ्या तरुण-तरुणींसाठी 1973 पासून ‘बाफा’ नावाचं प्रमाणपत्र आहे. ते मिळवायला आधी 8 दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, मग 14 दिवस प्रत्यक्ष मुलांमध्ये देखरेखीखाली काम, आणि त्यानंतर पुन्हा किमान 6 दिवसांचा वर्ग. सहा वर्षांखालच्या 8 मुलांमागे एक माणूस हवा, त्याहून मोठ्या 12 मुलांमागे एक. चमूतले निम्मे तरी प्रमाणपत्रधारक असले पाहिजेत, आणि काहीही न शिकलेले एक-पंचमांशापेक्षा जास्त चालत नाहीत. शिवाय प्रत्येकाची गुन्हेगारी नोंद तपासली जाते. हे सगळं पोहणं शिकवायला किंवा डोंगर चढवायला नव्हे हो, त्यांचे नियम आणखी वेगळे आहेत. हे नुसतं चेंडू फेकायला आणि कागद कापायला.

फ्रेंच लोकांना कागदपत्रांची हौस आहे असं म्हणून हे उडवून लावता येईल. पण त्यामागचा इतिहास पाहा. शहरातल्या गरीब मुलांना सुट्टीत मोकळ्या हवेत न्यायची कल्पना युरोपात 1876 मध्ये झुरिकच्या बिऑन नावाच्या पाद्र्याने रुजवली. पुढची काही दशकं चर्च, नगरपालिका, कामगार संघटना अशा सगळ्यांनी ती उचलली. ती चालवणाऱ्यांची मनं चांगलीच होती. तरीही एकेका माणसाच्या हाती मुलांचा मोठा घोळका, दिवसभर रांगा, शिट्ट्या आणि दटावणी असा प्रकार बऱ्याच ठिकाणी होता. 1936 मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना भरपगारी रजा मिळाली, सुट्टीच्या शिबिरांचा विस्तार होऊ लागला, आणि पुढच्याच वर्षी झिझेल द फायी आणि आंद्रे लफेव्र यांनी शिबिरात काम करणाऱ्यांसाठी पहिला प्रशिक्षण वर्ग भरवला. त्यातून ‘सेमेआ’ ही संस्था उभी राहिली, ती आजही शिकवते. म्हणजे ‘मन चांगलं असलं की झालं’ या समजुतीची परीक्षा ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेली आहे आणि निकालही लागला आहे. आपण तीच परीक्षा आता दुसऱ्यांच्या मुलांवर पुन्हा घेतो आहोत.

ज्याने कधी वीस मुलांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सांभाळलेलं नाही, त्याला यात शिकण्यासारखं काय आहे असं वाटणं स्वाभाविक आहे. त्याच्या डोळ्यांसमोर खेळाचा तास असतो, आणि खेळाचा तास हा दिवसातला सगळ्यात सोपा भाग. सकाळी मुलाला कुणी सोडलं आणि संध्याकाळी कुणाच्या हाती द्यायचं याची नोंद कोण ठेवणार? शेंगदाणा कुणाला चालत नाही? फिट येण्याचा त्रास कुणाला आहे, आणि आलीच तर पहिल्या मिनिटाला काय करायचं? जेवणाआधी तास-दीड तास मुलं भुकेने किरकिरी होतात, भांडणं नेमकी तेव्हा पेटतात. त्या वेळी पळापळीचा खेळ घेणारा अनाडी आणि गोष्ट सांगायला बसणारा जाणता. खेळातून बाद झालेलं मूल पुढची वीस मिनिटं काय करतं यावर त्या खेळाची खरी पारख होते. बहुतेक हौशी लोकांचे खेळ असे असतात की सगळ्यात कच्चं मूल सगळ्यात आधी बाहेर बसतं. पाऊस आला तर? सहा वर्षांच्या मुलीची चड्डी ओली झाली तर तिला कुणी आणि कुठे न्यायचं, दार किती उघडं ठेवायचं, सोबत दुसरं कोण हवं? एखादं मूल तीन दिवस कोपऱ्यात बसून आहे; ते लाजाळू आहे की त्याला ऐकू कमी येतं की घरी काही घडलं आहे? आणि समजा त्याने तुमच्या कानात काही सांगितलं, तर ते कुणाकडे न्यायचं?

कानात सांगितलेलं समजलं तर, हा आणखी पुढचा प्रश्न. ज्याला मुलांच्या भाषेत ‘दुखतंय’, ‘भीती वाटते’ आणि ‘शू लागली’ एवढंही कळत नाही, त्याच्या हवाली मुलं करायची नसतात. परदेशी डे कॅम्पमध्ये हे सगळं कोण करतं? तिथली स्थानिक ताई करते. ती नोंद ठेवते, नाकं पुसते, पालकांशी बोलते, भांडणं सोडवते, आणि वर पाहुण्याच्या मोडक्या सूचनांचा अनुवाद करते. पाहुण्याच्या वाट्याला गाणं येतं आणि फोटो येतो. दोन आठवड्यांनी तो जातो, दुसरा येतो. नव्याला काय येतं? आधीच्याला येत होतं तेच. इंग्रजी रंग, इंग्रजी आकडे, डोकं-खांदे-गुडघ्यांचं तेच गाणं. मुलं पुन्हा एकदा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी टाळ्या वाजवतात. यजमानपणाचे धडे त्यांना मात्र छान मिळत असावेत.

‘पण मुलं हसतात ना! त्यांना आनंद मिळतो ना!’ हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका युक्तिवाद. मुलं हसतात हे खरं आहे. मुलं वरातीतल्या बेंजोवरही नाचतात. नव्या माणसाचं कुतूहल हे मुलांचं भांडवल आहे, पाहुण्याचं कर्तृत्व नव्हे. शिबिराने मुलाला काय दिलं हे बघायचं तर पाहुणा गेल्यानंतर तो खेळ मुलं स्वतः खेळतात का, स्थानिक ताईच्या हाती एखादं नवं साधन आलं का, हे बघावं लागेल. ते बघायला पाहुणा तिथे नसतोच.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो, कारण तो खरा आहे. ते म्हणतात, परदेशी स्वयंसेवेवरची बहुतेक टीका अनाथाश्रमांवरची आहे. ती डे कॅम्पला लावू नका. बरोबर. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन या संशोधकांनी 2010 मध्ये आफ्रिकेतल्या एड्सग्रस्त भागांतल्या अनाथाश्रम-पर्यटनाबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांचा आक्षेप असा होता की आई-बापांपासून तुटलेल्या लहान मुलांना दर काही आठवड्यांनी नवा माणूस लळा लावतो आणि निघून जातो. हे तुटणं पुन्हा पुन्हा होत राहतं. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत मुलांच्या निवासी संस्था 75 टक्क्यांनी वाढल्या, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून घरातून मुलं उचलून संस्थेत आणली जातात, हे तिथे आणि नेपाळमध्येही घडलं. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने 2017 मध्ये आधुनिक गुलामगिरीचा विचार करताना या व्यवहाराचाही समावेश केला, आणि 2019 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली. डे कॅम्पमधलं मूल संध्याकाळी आईकडे जातं. त्याला चार दिवसांच्या दादाचा लळा लागला तरी त्याचं जग कोसळत नाही.

म्हणूनच पैसे भरण्याआधी पहिला प्रश्न हा विचारायचा: संध्याकाळी पाच वाजता ही मुलं कुठे जातात? घरी जात असतील तर पुढचं बोलू. ती आवारातच मागच्या इमारतीत झोपायला जात असतील, तर पत्रकावर काहीही छापलेलं असो, तो डे कॅम्प नव्हे. जाहिरातीत हा फरक आपणहून कुणी सांगत नाही, कारण अनाथाश्रमांची बदनामी झाल्यापासून ‘कम्युनिटी’, ‘लर्निंग सेंटर’, ‘कॅम्प’ हे शब्द फारच सोयीचे झाले आहेत.

समजा, मुलं घरी जातात. मग तर प्रश्न सुटला? नाही. धोक्याची एक बाजू गेली, कसबाचा प्रश्न तसाच राहिला. तो का सुटत नाही हे समजायला पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहावं. अमेरिकेत उन्हाळी शिबिरांसाठी परदेशी तरुण बोलावतात; त्यासाठी जे-1 व्हिसात स्वतंत्र वर्गच आहे. वय किमान 18, इंग्रजी चांगलं हवं, मुलाखत आणि पूर्वतपासणी, मुक्काम जास्तीत जास्त 4 महिने, आणि त्याच कामाला अमेरिकन तरुणाला जे मिळतं त्याच्या बरोबरीचा मोबदला. म्हणजे श्रीमंत देशातल्या मुलांशी खेळायला जाणाऱ्याला पैसे मिळतात आणि त्याला पारखून घेतलं जातं. गरीब वस्तीतल्या मुलांशी खेळायला जाणारा स्वतः पैसे भरतो. जो पैसे भरतो तो गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला ‘तुला हे येत नाही, परत जा’ असं कोण सांगणार? त्याची गुन्हेगारी नोंद मागितली आणि तो दुसऱ्या कंपनीकडे गेला तर? दोन आठवडे कमी पडतात हे सगळ्यांना कळतं, पण सहा महिन्यांचं गिऱ्हाईक मिळत नाही. मग दोन आठवड्यांत बसेल असं काम शोधलं जातं, आणि ज्याचं नुकसान झालं तरी ओरडणार नाही असं कोण असतं? लहान मूल. विहीर बांधायला अडाणी गवंडी चालत नाही, विहीर ढासळलेली दिसते.

‘पण ते पैसे शेवटी मुलांवरच खर्च होतात,’ असंही सांगितलं जातं. होत असतील, काही ठिकाणी. मग हिशेब मागा. भरलेल्या रकमेतला किती भाग मधल्या कंपनीला, किती तुमच्या राहण्या-जेवणाला, आणि किती त्या केंद्रातल्या ताईच्या पगाराला? विमानाचं तिकीट त्यात धरलेलंच नसतं. त्या तिकिटाच्या पैशात स्थानिक ताईचं वेतन किती महिने निघेल हे गणित त्या देशाचा रोजगार विचारून कुणीही करू शकतं. मी इथे आकडा देत नाही, कारण तो देशागणिक बदलतो. पण ज्यांनी मुलाला परदेशी पाठवायचा खर्च पै-पैने मांडला आहे त्यांना ही आणखी एक ओळ जड जाऊ नये.

आणि कायदा. थायलंडमध्ये परदेशी माणसाला बिनपगारी स्वयंसेवेसाठीसुद्धा साधारणपणे कामाचा परवाना काढावा लागतो. पर्यटक म्हणून उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहायचं, यात त्या देशाची परवानगी आहे की नाही हे पाठवणाऱ्याने लेखी सांगितलं पाहिजे. सेवा करायला निघालेला मुलगा इमिग्रेशनच्या खिडकीवर ‘फिरायला आलोय’ असं सांगत असेल, तर निबंधात लिहायला तो प्रसंग चांगला नाही.

आपल्या लोकांचा एक खास बचाव आहे. ‘हे सगळे आक्षेप गोऱ्यांना. तारणहाराचा आव ते आणतात. आपण स्वतः पारतंत्र्य भोगलेलं आहे, आपल्याला कुठला वर्चस्वाचा गंड?’ ऐकायला बरं वाटतं. नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या मदतसंस्थेने 2012 पासून ‘रेडी-एड’ नावाने गोऱ्या परोपकाराची मनसोक्त टिंगल केली, आपण ते व्हिडिओ एकमेकांना पाठवून हसलो. पण काठमांडूच्या वस्तीत पुण्याचा मुलगा उभा राहतो तेव्हा त्याच्या हातातला फोन, परतीचं तिकीट आणि पारपत्र हेच आधी बोलतात. कातडीच्या रंगाची पाळी नंतर येते. नेपाळी माणसाशी आपण आपल्या इमारतीच्या फाटकाशी कसे बोलतो हे आठवलं, तर हा बचाव पुन्हा कुणी करू नये. त्या मुलांसोबतचे फोटोच पाहा. आपल्या पुतणीचा फोटो तिच्या आई-वडिलांना न विचारता तिऱ्हाइताने जगभर दाखवला तर आपण पोलिसांत जाऊ. व्हिएतनामी मुलीच्या आईला कुणी विचारलं? तिला विचारायची भाषाच आपल्याला येत नव्हती, आणि तरीही फोटोखाली ‘मी त्यांच्याकडूनच खूप शिकलो’ असं लिहिलेलं असतं. शिकवायला पाठवलेला माणूस शिकून परत आला, तर शिकवणी कुणाची झाली?

याच्या उलट टोकाला काही मंडळी उभी आहेत, आणि त्यांच्याशीही माझं पटत नाही. विचारवंत इव्हान इलिच यांनी 1968 मध्ये मेक्सिकोत अमेरिकन विद्यार्थ्यांच्या सभेत, त्यांच्या तोंडावर, असा सूर लावला होता की फिरायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. ते भाषण आजही प्रत्येक टीकाकार पुढे करतो. त्यातला राग मला कळतो, त्याचा निष्कर्ष पटत नाही. परक्याने येऊच नये असं म्हटलं तर आपल्याच इतिहासाचं काय करायचं? बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक शहरातून बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. अनुताई वाघ 1945 मध्ये त्यांच्याकडे आल्या. वारली मुलांच्या दृष्टीने दोघीही परक्याच. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, आणि बाजारातल्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे वापरले, कारण ते मुलांच्या हाताशी होते. पण या दोघी शिकलेल्या होत्या, मुलांचं शिक्षण हाच त्यांचा व्यवसाय होता, आणि अनुताई 1992 मध्ये गेल्या तोवर कोसबाडच्याच होऊन राहिल्या. इतकं कुणाकडून मागता येणार नाही, मी मागतही नाही. पण परकेपण कसबाने आणि मुक्कामाने फिटतं हे आपल्याला कोसबाडने दाखवलं आहे, आणि ते फेडायची तयारी नसेल तर इलिच यांचं म्हणणं खरं ठरतं.

खुद्द परदेशी स्वयंसेवेच्या जुन्या संस्थांनीही हेच ओळखलं. ब्रिटनच्या व्हीएसओने 1958 मध्ये नुकती शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुलं पाठवून सुरुवात केली. काही वर्षांतच ती पदवीधरांकडे आणि पुढे अनुभवी व्यावसायिकांकडे वळली. अमेरिकेच्या पीस कोअरचा मुक्काम साधारण 27 महिन्यांचा, त्यातले सुरुवातीचे सुमारे तीन महिने भाषा आणि कामाचं प्रशिक्षण. जे मागे सोडून या संस्था पुढे गेल्या, तेच आज आपल्या मुलांना शुल्क लावून विकलं जातं आहे.

‘मग आपल्याच गावात सेवा करा, परदेशात कशाला?’ असं मी म्हणेन अशी काहींची अपेक्षा असेल. नाही म्हणणार. व्हिएतनामचं मूल काही कमी मूल नाही, आणि आपल्या वस्तीतल्या मुलांवर तरी कच्च्या माणसांनी हात का साफ करावेत? पुण्याच्या गरवारे बालभवनासारख्या ठिकाणी 1985 पासून मुलांच्या खेळाकडे गंभीर काम म्हणून पाहिलं गेलं. तिथली ताई होणं म्हणजे मिरवणं नव्हे. असं एखादं ठिकाण गाठून वर्षभर दर शनिवारी जायचं, चटया उचलायच्या, ताई कशी बोलते ते ऐकायचं, एका मे महिन्यात तिच्या हाताखाली पूर्ण शिबिर करायचं. प्रथमोपचार शिकायचा. मग ज्या देशात जायचं त्याची भाषा निदान मुलाचं रडणं समजेल इतकी यायला हवी. एवढं करून कुणी तीन-चार महिन्यांसाठी निघालं, स्थानिक ताईच्या हुकुमात राहायला तयार असलं, तर मी त्याला स्टेशनवर पोचवायला येईन. खरं तर एवढं केलेल्या मुलीला पैसे भरून जावंच लागणार नाही.

आणि प्रवेशाच्या अर्जाचं काय? ज्या परीक्षकाने असे निबंध ढिगाने वाचले आहेत, त्याला दोन आठवड्यांचा परोपकार ओळखू येत नाही, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

तेव्हा पालकांना एवढंच सांगणं. पाठवणाऱ्या कंपनीला पत्र लिहा आणि विचारा: मुलं रात्री कुठे झोपतात, माझ्या मुलाची पोलिस पडताळणी तुम्ही मागणार आहात का, मुलांमागे माणसं किती, त्यांतली प्रशिक्षित किती, स्थानिक ताईला पगार किती, आणि व्हिसा कोणता. या सगळ्याची उत्तरं लेखी आली नाहीत तर पैसे भरू नका, भरले असतील तर परत मागा. मुलाला तिकडे जायचंच असेल तर सरळ पर्यटक म्हणून पाठवा. त्यात कमीपणा काही नाही.